साल्झबुर्गचा लवणदुर्ग

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत दुर्गांचे सहा प्रकार सांगितले आहेत. धन्वदुर्ग, महीदुर्ग, अब्दुर्ग, वार्क्षदुर्ग, नृदुर्ग आणि गिरिदुर्ग अशी ती गणना असून तींत गिरिदुर्गास अग्रस्थान दिलेलें आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा विषय निघाला म्हणजे मुलें बहुधा एकच शंका काढीत. डोंगराचा किल्ला समजतो, पाण्याचा समजतो, अरण्याचाही समजतो. परंतु नृदुर्ग, म्हणजे माणसांचा किल्ला, हें काय प्रकरण आहे? सभोंवार सैन्य ठेवून केलेलें संरक्षण, असा टीकाकारांचा अर्थ सांगून आम्ही पुढें जात असूं. त्या शंकेची आठवण आम्हांस उतारवयांत, घरापासून हजारों कोस दूर, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं एका किल्ल्याच्या तटावर उभें असतांना झाली. त्याच किल्ल्याची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

ऑस्ट्रिया देशांत, जर्मनीच्या सीमेस अगदीं लागून, साल्झबुर्ग नांवाचें नगर आहे. जर्मन भाषेंत 'साल्झ' म्हणजे मीठ व 'बुर्ग' म्हणजे गड. तेव्हां त्यास लवणदुर्ग म्हणावयास हरकत नाहीं. संगीताच्या चाहत्यांस हें नगर मोझार्टचें जन्मस्थान म्हणून ठाऊक असतें, आणि तेथील दुकानदार तें कोणास विसरूंही देत नाहींत. आम्हांस ओढ होती ती मात्र नगराच्या माथ्यावरील होहेनसाल्झबुर्ग किल्ल्याची. साल्झाख नदीच्या डाव्या तीरावर एक खडा डोंगर उठलेला आहे. नगराच्या चौकांपासून त्याची उंची सुमारें १२० मीटर भरते. राजगड-तोरणा पायांखालीं घातलेल्या माणसास ही टेकडीच वाटावी. परंतु ती सपाटींतून एकदम उठत असल्यामुळें व माथ्यावर सुमारें २५० मीटर लांब आणि १५० मीटर रुंद असा पांढरा तट, बुरूज व वाडे यांचा पुंजका असल्यामुळें नगराच्या कोणत्याही गल्लींतून वर पाहिलें तरी किल्ला आपणाकडे पाहत आहे असा भास होतो. हा भास निराधार नाहीं, हें पुढें दिसून येईल.

वर जाण्यास १८९२ सालापासून दोरानें ओढली जाणारी गाडी आहे. आरंभीं ती पाण्याच्या भारावर चाले: वरच्या डब्याच्या टाकींत पाणी भरावयाचें, म्हणजे तो जड होऊन खालीं येई व खालचा हलका डबा वर ओढला जाई. पुढें तेथें वीज आली. आमचा विचार मात्र पायीं चढण्याचा होता. किल्ला गाडींतून चढला म्हणजे त्याचे दरवाजे चुकतात, आणि दरवाजे चुकले म्हणजे किल्ला बांधणाऱ्याच्या मनांत कोणाची भीति होती तें कळत नाहीं. देवळामागील चौकांतून फरसबंदी वाट निघते, ती वळणें घेत तटाच्या कुशींतून वर जाते. एका दरवाजांतून शिरावें, तों दुसऱ्याचा मारा डोक्यावर येतो. हें कसब सह्याद्रींतील गडकऱ्यांस जितकें अवगत होतें तितकेंच येथील गवंड्यांसही होतें, हें पाहून मौज वाटली. आमची दमछाक झाली, ती गोष्ट वेगळी.

हा किल्ला कोणा राजाचा नव्हे. साल्झबुर्ग येथें इ. स. ७९८ पासून आर्चबिशपांचें, म्हणजे ख्रिस्ती महाधर्मगुरूंचें, पीठ आहे. पुढें हेच धर्मगुरु त्या प्रांताचे राजेही झाले. धर्मपीठ तेंच सिंहासन, आणि पूजा सांगणारा हात तोच करवसुली करणारा हात, अशी ही व्यवस्था १८०३ पर्यंत चालली. आतां धर्मगुरूस गडाची गरज कां पडली, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. अकराव्या शतकांत बिशपांची नेमणूक पोपनें करावी कीं राजानें, यावर युरोपांत मोठें भांडण माजलें. जर्मनीचा राजा चौथा हेन्री याला पोपनें बहिष्कृत केलें, आणि १०७७ च्या जानेवारींत त्यास इटलींतील कानोसा येथें बर्फांत उभें राहून पोपाची क्षमा मागावी लागली. साल्झबुर्गचा तत्कालीन आर्चबिशप गेबहार्ट हा पोपाच्या पक्षाचा. अपमान झालेला राजा सूड घेतल्यावांचून राहणार नाहीं हें ओळखून त्यानें त्याच वर्षीं तीन ठिकाणीं किल्ले उठविले: साल्झबुर्ग येथें, दक्षिणेच्या खिंडींत वेर्फेन येथें आणि त्याही पलीकडे फ्रीझाख येथें. परंतु किल्ले पुरे होण्यापूर्वींच त्याला देशोधडीस लागावें लागलें. सुमारें नऊ वर्षांनीं, १०८६ सालीं, तो परतला आणि १०८८ मध्यें वारला. ज्यानें आश्रयासाठीं गड बांधला त्यास त्या गडाचा आश्रय मिळाला नाहीं. या वास्तूच्या नशिबीं ही गोष्ट पुढें पुन्हां येणार होती.

गेबहार्टाचा गड लहानसाच होता. आज दिसतो तो डौल बव्हंशीं लेओनहार्ट फॉन कॉयट्शाख या आर्चबिशपाचा. याची कारकीर्द १४९५ ते १५१९. हा पुरुष विलक्षण कर्तबगार. गास्टाइन व राउरिस येथील सोन्याच्या खाणी, हालाइन येथील मीठ आणि चोख हिशेब यांच्या बळावर त्यानें खजिना भरला व तो गडाच्या बांधकामांत ओतला. तट उंच केले, बुरूज वाढविले, धान्याचे अंबारखाने बांधले. त्याच्या घराण्याचें चिन्ह सलगम, होय, भाजींत घालतात तोच कंद! किल्ल्यांत पन्नासांहून अधिक ठिकाणीं हा सलगम दगडांत कोरलेला वा भिंतीवर रंगविलेला आढळतो. दंतकथा अशी आहे कीं, बाळपणीं लेओनहार्ट उनाड होता. चुलत्यानें एकदां संतापून हातांतील सलगम त्याच्या डोक्यांत मारला, आणि त्या दिवसापासून त्याची बुद्धि ताळ्यावर आली. शिक्षकाचा पेशा केलेल्या आम्हांस या उपायाविषयीं मत देण्याचा मोह होतो, पण तो आवरतों.

त्याच्या राहत्या महालांत 'सुवर्णदालन' म्हणून एक सभागृह आहे. निळ्या तक्तपोशीवर सोनेरी गोल ठोकळे नक्षत्रांसारखे बसविलेले असून आड्नेट गांवच्या तांबड्या संगमरवराचे पिळाचे खांब एका बाजूस उभे आहेत. शेजारच्या दालनांत १५०१ सालची एक शेगडी आहे. शेगडी म्हटल्यानें वाचकांच्या डोळ्यांपुढें जें येईल तें येथें उपयोगाचें नाहीं. ही पुरुषभर उंचीहून मोठी, रंगीत मातीच्या लाद्यांची रचलेली, पानें, फळें, फुलें व साधुपुरुषांच्या मूर्ति यांनीं नटलेली अशी एक इमारतच आहे. खोली उबदार ठेवण्याच्या कामीं इतकी कला खर्च झालेली आम्हीं पूर्वीं पाहिली नव्हती. चौकांतील सेंट जॉर्जच्या देवळाच्या भिंतीवर तांबड्या दगडांत लेओनहार्टाची १५१५ सालची मूर्ति आहे. तींत तो आशीर्वाद देण्याकरितां हात उचलून उभा आहे.

त्या आशीर्वादाच्या हाताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४९८ सालीं यानें आपल्या राज्यांतून यहुदी लोकांस हांकून दिलें. खालच्या नगरांतील व्यापाऱ्यांस सम्राटानें १४८१ सालीं आपला नगराध्यक्ष व पंच आपणच निवडण्याची सनद दिली होती. ती या धर्मगुरूस डोळ्यांत सलत असे. १५११ च्या जानेवारींत त्यानें नगराध्यक्ष व पंचमंडळी यांस मोठ्या आदरानें भोजनाचें आमंत्रण दिलें. मंडळी आली, तीं पकडलीं गेलीं, आणि कडाक्याच्या थंडींत घसरगाड्यांवर घालून डोंगरांत रवाना केलीं गेलीं. सनदेवरील हक्क सोडल्याचें लिहून दिल्यावरच त्यांची सुटका झाली. अतिथीस देव मानणाऱ्या आमच्यासारख्यांस ही कथा वाचतांना अंगावर कांटा येतो. चौकांतील मूर्तीखालीं पुन्हां एकदां उभें राहून आम्हीं तो उचललेला हात पाहिला. गडाच्या जंग्यांतून उत्तरेस डोकावलें असतां समोर कोण दिसतें? परचक्र नव्हे. दिसतात तीं खालच्या गल्ल्यांतील घरांचीं छपरें. आमची ती जुनी नृदुर्गाची शंका मनांत आली ती येथें.

किल्ल्याच्या सोयींविषयीं दोन शब्द लिहितों, कारण त्या पाहण्यासारख्या आहेत. पहिली सोय सामान चढविण्याची. ननांचा नोनबेर्ग नांवाचा मठ याच डोंगराच्या पूर्वेकडील खांद्यावर आहे. आठव्या शतकाच्या आरंभीं स्थापन झालेला हा मठ आजतागायत अखंड चालू आहे. त्या मठाच्या बाजूनें एक सरळ चढा मार्ग पांच दरवाजे भेदून गडावर जातो. त्यावर रूळ असून दोरानें गाडी ओढली जाते. लांबी सुमारें १९० मीटर. या गाडीचा लेखी उल्लेख १५१५ सालचा आहे. पूर्वीं रूळ लांकडी, दोर तागाचा आणि ओढणारे बैल किंवा माणसें असत. आतां रूळ लोखंडी, दोर तारेचा व यंत्र विजेचें. पण मार्ग तोच आणि कामही तेंच. पांचशें वर्षें ही गाडी गडावर शिधासामग्री नेत आहे. इतकी जुनी रूळगाडी चालू स्थितींत जगांत क्वचितच असेल.

दुसरी सोय पाण्याची. या खडकावर झरा नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्यापूर्वीं आधीं पाणी पाहावें, नसेल तर खडक फोडून टाकीं करावीं, असा दंडक घातला आहे. येथें १५३९ सालीं आर्चबिशप माथेउस लांग यानें व्हेनिसचे कारागीर बोलावून पावसाचें पाणी सांठविण्याचें मोठें टाकें बांधविलें. छपरांवरील पाणी वाळू-गोट्यांच्या थरांतून गाळून आंत जाई. टाकें बांधण्याची निकड या गृहस्थास कां वाटली, तें सांगतों.

लेओनहार्टाच्या मागून गादीवर आलेला हा लांग मोठा मुत्सद्दी, सम्राटाच्या विश्वासांतला. त्याच्या वेळीं जर्मन मुलखांत शेतकऱ्यांचें बंड पेटलें. कर, वेठ व धर्माची बळजबरी यांनीं गांजलेले शेतकरी आणि खाणींतील कामकरी १५२५ च्या जूनमध्यें साल्झबुर्गांत शिरले. नगरवासीही त्यांस मिळाले. आर्चबिशप गडावर कोंडला गेला. हजार वर्षांच्या आयुष्यांत या किल्ल्यास खराखुरा वेढा पडला तो एवढाच, आणि तो घालणारे कोण, तर त्याचींच लेंकरें म्हणविणारी रयत! वेढा ऑगस्टअखेरपर्यंत चालला. रयतेजवळ मोठ्या तोफा नव्हत्या, गड हटला नाहीं. शेवटीं बाहेरून सैन्य आलें व तह झाला. ज्या खाणवाल्यांच्या घामानें तट उभारले गेले त्यांनाच ते तट आडवे आले.

या वेढ्याची एक गंमतीची कथा लोक सांगतात. गडावरील अन्न संपत आलें, एकच वळू उरला. तेव्हां किल्लेदारानें युक्ति काढली. आज वळूस तटावर फिरवून वेढेकऱ्यांस दाखवावा, उद्यां त्यास काळा रंग देऊन फिरवावा, परवां तांबडा. शत्रूस वाटलें, यांच्या गोठ्यांत जनावरें अगणित आहेत. त्यानें वेढा उठविला. मग वळूस नदीवर नेऊन रंग जाईपर्यंत धुतला, म्हणून साल्झबुर्गकरांस 'वळू धुणारे' असें टोपणनांव पडलें. कथा चतुर आहे, पण ऐतिहासिक नव्हे. याच देशांत, कारिंथिया प्रांतांत, चौदा दरवाजांचा होखओस्टरविट्स नांवाचा गड आहे; तेथें शेवटचा बैल कापून त्याच्या पोटांत धान्य भरून तो तटावरून फेकल्याची कथा सांगतात. फ्रान्सांत कार्कासोन येथें हाच मान एका डुकराकडे जातो. उपाशी गडानें तृप्तीचें सोंग आणावें, ही कल्पना सर्वत्र लोकांच्या आवडीची दिसते. आम्हांस मौज वाटली ती याची कीं, वेढा घालणारे नगरवासी ज्यांचे पूर्वज, तेच आज ही कथा गडाच्या बाजूनें अभिमानानें सांगतात.

आतां या किल्ल्यांतील सर्वांत दुःखद चरित्राकडे वळूं. वोल्फ डीट्रिख फॉन राइटेनाउ हा १५८७ सालीं, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, आर्चबिशप झाला. शिक्षण रोमचें, नजर मोठी, स्वभाव उतावळा. अरुंद, कोंदट नगर त्याच्या मनास येईना. १५९८ सालीं मुख्य देवालयास आग लागली, तेव्हां त्यानें तें पाडूनच टाकलें, भोंवतालचीं अनेक घरें जमीनदोस्त केलीं आणि रोमसारखे विस्तीर्ण चौक काढले. आज प्रवासी ज्या साल्झबुर्गाचें कौतुक करितात तें मुळांत याच्या कल्पनेंतलें. सालोमे आल्ट नांवाच्या व्यापाऱ्याच्या मुलीवर त्याचें प्रेम होतें. धर्मगुरूस विवाह वर्ज्य; तथापि त्यानें तिला उघडपणें आपल्याजवळ ठेविलें, तिच्यापासून त्याला पंधरा मुलें झालीं, आणि १६०६ सालीं नदीपलीकडे तिच्यासाठीं वाडा बांधला. तोच वाडा पुढें बदलून मिराबेल झाला. या संबंधाविषयीं ज्याचें मत त्यानें ठेवावें. पण त्या काळच्या अनेक धर्मगुरूंप्रमाणें त्यानें तो लपविला नाहीं, एवढें श्रेय आम्ही त्यास देतों.

त्याचा घात केला मिठानें. हालाइनजवळच्या ड्यूर्नबेर्ग डोंगरांत मीठ खडकांत मिसळलेलें असतें. खडकांत पोकळी करून तींत पाणी सोडतात. मीठ विरघळलें म्हणजे तें खारें पाणी काढून कढयांत आटवितात. ही खाण १९८९ सालापर्यंत चालू होती. तेथील मीठ नावांनीं साल्झाखवरून खालीं बव्हेरियांत व पुढें बोहेमियाकडे जाई. शेजारच्या बेर्ख्टेसगाडेन येथेंही मीठ होतें, आणि नदीचा खालचा मार्ग बव्हेरियाच्या हातीं होता. भाव कोणीं ठरवावा, वाहतूक कोणीं करावी, यावरून वैर वाढलें. १६११ च्या ऑक्टोबरांत वोल्फ डीट्रिखनें रागाच्या भरांत बेर्ख्टेसगाडेन काबीज केलें. बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियन वाटच पाहत होता. तो सैन्य घेऊन साल्झबुर्गावर चालून आला.

येथें वाचक म्हणतील, मग तो गडावर कां गेला नाहीं? तट होते, अंबारखाने होते, टाकें होतें. आमच्याही मनांत हाच प्रश्न आला. शेतकऱ्यांपुढें लांग तीन महिने टिकला, मग हा कां नाहीं? गडावर दार लावून बसलेल्याच्या बाजूनें बाहेर कोणीतरी असावें लागतें. लांगाच्या पाठीशीं साम्राज्य होतें. याचे स्वतःचे धर्मपंच त्याच्यावर रुष्ट झालेले, नगरवासी घरें पाडल्यानें नाराज, शेजारी शत्रु. तो गडाकडे न वळतां दक्षिणेस कारिंथियाच्या वाटेनें पळाला. सीमेजवळ त्यास पकडण्यांत आलें. प्रथम वेर्फेनच्या किल्ल्यांत व मग होहेनसाल्झबुर्गावर त्याची रवानगी झाली. ज्या दरवाजांतून तो स्वामी म्हणून जात असे, त्याच दरवाजांतून तो कैदी म्हणून आंत गेला. १६१२ सालीं त्यानें पदत्याग केला. राज्य सोडल्यावर सुटका होईल अशी त्याची आशा असावी. परंतु त्याच्या जागीं आलेला मार्कुस सिट्टिकुस, जो त्याचा आप्तच होता, त्यानें त्यास सोडलें नाहीं. पांच वर्षें कोंडून राहून १६ जानेवारी १६१७ रोजीं तो वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं गडावरच वारला. सालोमे तिकडे वेल्स नगरांत १६३३ पर्यंत जगली. त्याच्या मोकळ्या केलेल्या जागेवर नवें देवालय मात्र उभें राहिलें. १६२८ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. आज गडाच्या तटावरून पाहिलें तर त्याचा हिरवट घुमट पायांखालींच दिसतो.

पुढची हकीकत थोडक्यांत उरकतां येईल. तीस वर्षांच्या युद्धांत पारिस लोड्रोन या शहाण्या आर्चबिशपानें राज्य युद्धापासून अलग ठेविलें व तटबंदी आणखी वाढविली. १६८१ चा कुएनबुर्ग बुरूज हें शेवटचें मोठें काम. इतका सर्व खटाटोप झाल्यावर १८०० च्या डिसेंबरांत खरोखरचें परचक्र, म्हणजे फ्रेंचांची फौज, दारीं आलें. शेवटचा राजधर्मगुरु कोलोरेडो, मोझार्टला नोकरींतून घालविणारा तोच हा, आधींच निघून गेला होता. सातशें तेवीस वर्षें सजत आलेला किल्ला एकही तोफ न डागतां फ्रेंचांच्या हवालीं झाला. पुढें तो ऑस्ट्रियाची बराक, कोठार, तुरुंग असें सर्व कांहीं होऊन १८६१ सालीं लष्करी कामांतून मोकळा झाला. १९५३ सालीं ओस्कार कोकोश्का या चित्रकारानें तेथें उन्हाळी कलाशाळा काढली. ज्या वास्तूचें काम इतकीं शतकें नगरावर नजर ठेवणें हेंच होतें, तेथें तो विद्यार्थ्यांस रेषा ओढण्याआधीं नुसतें पाहण्यास शिकवीत असे.

उतरतांना आम्ही नदी ओलांडून सेंट सेबास्टियनच्या दफनभूमींत गेलों. तेथें वोल्फ डीट्रिखनें आपल्या सत्तेच्या काळींच स्वतःसाठीं समाधिमंदिर बांधून ठेविलें होतें. बाहेरून साधें, आंत रंगीत लाद्यांनीं चमकणारें. आपला अंत्यविधि अगदीं साधेपणानें करावा, अशी त्याची इच्छा आंतील धातूच्या पत्र्यांवर कोरलेली आहे. मोझार्टचे वडील लेओपोल्ट हेही याच आवारांत विसावले आहेत.

संध्याकाळीं चौकांत बसलों असतां पस्तीस घंटांच्या वाद्यानें एक मंजुळ गत वाजविली. ती थांबली तोंच वरून, गडावरून, एक प्रचंड हंबरडा आला. १५०२ सालीं लेओनहार्टानें बसविलेलें, दोनशेंहून अधिक नळ्यांचें तें यंत्रवाद्य. त्याच्या या आवाजामुळें लोक त्यास 'साल्झबुर्गचा वळू' म्हणतात. गत संपल्यावर पुन्हां तसाच हंबरडा झाला. शेजारच्या बांकावरील म्हाताऱ्या बाईनें मान वर न करितां आपलें विणकाम गुंडाळलें आणि ती घराकडे चालूं लागली.